दोन नंबर काढ

चार डिस्क होत्या. तीन हिरवे दिवे, एक नारिंगी. निवेदिता सर्व्हरच्या कपाटासमोर उकिडवी बसली आणि तिने बोट लावून पुन्हा मोजले: वरून पहिला हिरवा, दुसरा हिरवा, तिसरा नारिंगी, चौथा हिरवा. दुसऱ्यावर तिचे बोट थांबले. तो हिरवा होता, पण स्थिर नव्हता. मध्येच विझायचा, आणि पुन्हा पेटायच्या आधी आतून बारीक टकटक ऐकू यायची.

"किती मेल्या?" दारातून पद्मावतीने विचारले. तिच्या अंगात पांढरा कोट होता आणि एका हातात अजून रबरी मोजा.

"एक मेली. एक आजारी आहे, अक्का."

"आणि मेलचं टपाल कुठल्या डिस्कवर आहे?"

"चौघींवर मिळून. एक गेली तर उरलेल्या तिघी तिच्या वाट्याचं सांगू शकतात. दोन गेल्या, तर कोणीच काही सांगू शकत नाही."

पद्मावतीने मान हलवली. तिने तो एक मोजा काढला, उलटा केला, सरळ केला आणि पुन्हा हातात घातला.

जे. पी. नगरच्या या प्रयोगशाळेत पाणी तपासले जाई. बोअरवेलचे, औषध कारखान्यांचे, आणि सगळ्यांत काटेकोरपणे डायलिसिस केंद्रांचे, कारण ते पाणी रुग्णाच्या रक्तापासून एका पातळ पडद्याच्या अंतरावर वाहते. सूक्ष्मजीव विभाग पद्मावती एकोणीस वर्षे सांभाळत होती. निवेदिता नाशिकची, भौतिकशास्त्र शिकलेली. तिची नेमणूक मोजमापाच्या उपकरणांसाठी झाली होती. पण संगणक सांभाळणारे हयवदन राव निवृत्त झाले आणि त्यांची खुर्चीही तिच्याकडे आली. कारण एवढेच, की तिने एकदा सगळ्यांदेखत प्रिंटर दुरुस्त केला होता.

गेल्या महिन्यात व्हाइटफील्डच्या एका डायलिसिस केंद्रात एकाच सकाळी सहा रुग्णांना हुडहुडी भरून ताप आला. त्यांतल्या एक बाई अजून अतिदक्षता विभागात होत्या. त्या केंद्राचे पाणी त्याच आठवड्यात पद्मावतीने तपासले होते, आणि त्यातले जिवाणूंचे विष मर्यादेच्या तिप्पट निघाले होते. मी लगेच मेल पाठवला, असे ती म्हणत होती. आम्हाला काहीही आले नाही, असे केंद्र म्हणत होते. आज चार वाजता केंद्राचे डॉक्टर आणि वकील येणार होते. तो मेल त्यांच्यापुढे ठेवता आला नाही, तर निकाल कळवला नाही हा दोष पद्मावतीवर ठेवून तिला निलंबित करायचे, असे संचालकांनी ठरवले होते. पत्र टाइप झाले होते. सही बाकी होती.

मेल या कपाटात होता.

अभिराज आत आला. तो व्यवस्थापक होता; एचएसआर लेआउटहून येताना वाटेतच त्याला कळले होते, आणि हेल्मेट अजून हातातच होते.

"निवेदिता, मला जस्ट एवढं सांग. चारच्या आत होईल का?"

"माहीत नाही."

"अंदाजे? किती टक्के?"

"माहीत नाही म्हणजे टक्केसुद्धा माहीत नाहीत."

"ओके. बॅकअप?"

"बॅकअप ह्याच चौघींवर आहे."

"त्याच डिस्कवर बॅकअप? हे कोणाचं डोकं?"

बॅकअपसाठी वेगळे यंत्र घेण्याचा निवेदिताचा अर्ज त्याच्याच टेबलावरून दोनदा परत आला होता. अभिराजलाही ते आठवले असावे, कारण तो एकाएकी खोलीतल्या एसीचे तापमान वाचू लागला.

"हयवदनना फोन लाव," तो म्हणाला. "हे सगळं त्यांनीच बसवलंय ना?"

"त्यांचं काल मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय."

"डोळ्याचं झालंय, कानाचं नाही. लाव."

फोन त्यांच्या पत्नीने, कौशल्याकाकूंनी उचलला. त्यांनी आधी सांगितले की डॉक्टरांनी वाकायचे नाही, खोकायचे नाही आणि ताण घ्यायचा नाही असे बजावले आहे. मग मागून हयवदनांचा आवाज आला, "फोनवर कोण वाकतंय? दे इकडे." निवेदिताने स्पीकर चालू करून फोन कपाटाच्या फळीवर ठेवला.

"बोल गं मुली. माझ्या डोळ्याला पट्टी आहे, दुसऱ्याने पण धड दिसत नाही. तू बघ आणि मला सांग. दिवे सांग."

तिने सांगितले.

"तीन गेली. ती जाऊ दे, म्हातारी झाली होती. दोन कशी विझते? ठरावीक वेळाने, की कशीही?"

"कशीही. आतून टकटक पण येते."

"अय्यो. सरी, ठीक आहे. टपाल कधी थांबलं?"

"पहाटे. स्क्रीनवर लिहिलंय, वाचता येत नाही म्हणून लिहिणं बंद केलं."

"शहाणं यंत्र. ऐक आता. घाई करायची नाही. आधी दोन नंबर काढ. किती खराब आहे ते बघू, मग पुढचं ठरवू."

निवेदिताचा हात पुढे झाला आणि थांबला. "चालू असतानाच?"

"चालू असतानाच! बंद केलंस तर परत उठेल की नाही कोण जाणे."

"नक्की ना, अण्णा?"

"अगं, त्याशिवाय कळणार कसं? काढ."

तिने दुसऱ्या खणाची कडी अंगठ्याने दाबली. डिस्क खटकन सुटली आणि तिच्या तळहातात आली, गरम, चहाच्या कपाइतकी. कपाटातले उरलेले दोन्ही हिरवे दिवे एकदम नारिंगी झाले. स्क्रीनवर ओळी धावू लागल्या, मग थांबल्या. पंख्यांचा आवाज खाली आला.

"काढली," ती म्हणाली. "पण अण्णा, सगळेच दिवे नारिंगी झालेत."

"कशाने झाले? काय काढलीस?"

"दोन नंबर. माझ्या हातात आहे."

मग हयवदन अगदी हळू म्हणाले, "हातात? ती हातात काय करतेय?"

"तुम्हीच म्हणालात ना, काढ."

"काढ म्हटलं मी! स्क्रीनवर काढ! तिचा रिपोर्ट काढ, वाच. बाहेर काढ कोण म्हटलं? दार काढतात तसं काढ!"

"दार... काढतात?"

निवेदिताने मागे वळून बघितले. पद्मावतीने मोज्यातला हात तोंडावर ठेवला होता.

"आमच्या इकडच्या मराठीत तसंच म्हणतात," ती मोज्याआडून म्हणाली. "बेल वाजली की मुलीला सांगते, दार काढ. डबा काढ, खिडकी काढ. कन्नडात तेगी म्हणतात ना, उघडायला पण तेगी, बाजूला करायला पण तेगी. तसंच ते आमच्या तोंडात बसलंय. तुम्ही उघड म्हणता."

"म्हणजे नाऊ वॉट?" अभिराज म्हणाला. "एका शब्दासाठी दोन डिस्क गेल्या?"

"कोण ते ओरडतंय?" फोनमधून आवाज आला. "अभिराज आहे का? त्याला काफी दे कोणीतरी आणि बाहेर बसव."

अभिराज खरेच बाहेर गेला. दार लावताना मात्र त्याने आवाज होऊ दिला नाही.

निवेदिता डिस्क दोन्ही हातांत धरून उभी होती. ती परत खणात ढकलावी असे तिला वाटत होते, इतके की कोपर आपोआप वाकले होते. तिने कोपर सरळ केले.

"अण्णा, परत घालू?"

"नको! घातलीस तर यंत्र तिला नवी कोरी समजेल, आणि तिच्यावर लिहायला बसेल. मग संपलं. आधी यंत्र बंद कर. आता बंद कर, आता काही फरक पडत नाही." ते धापा टाकत होते. मागून कौशल्याकाकू काहीतरी म्हणाल्या. "गप बस गं, खोकलो नाही मी. निवेदिता, दुसरी कोरी डिस्क आहे का ऑफिसात? तेवढीच, नाहीतर मोठी."

सीसीटीव्हीसाठी आणलेली एक डिस्क खोक्यातच पडून होती. पद्मावतीने ती भांडारातून आणली. खोक्यावरची चिकटपट्टी तिने दाताने तोडली, आणि मग प्रयोगशाळेत असे करायचे नसते हे आठवून ओशाळली.

"ही आजारी आहे," हयवदन म्हणाले. "आजाऱ्याला पळवायचं नाही. तिची हळूहळू नक्कल घ्यायची, नव्यावर. जिथे वाचता येत नाही तिथे अडून बसायचं नाही, पुढे जायचं. शेवटी परत मागे यायचं आणि राहिलेलं विचारायचं. घाबरलेल्या माणसाला विचारतात तसं."

त्याआधी त्यांनी तिला एक गोष्ट बघायला लावली. चौघींपैकी प्रत्येक डिस्क स्वतःपाशी एक आकडा ठेवते. काहीही बदलले की तो वाढतो. सगळ्या एकत्र असताना सगळ्यांचा आकडा एकच असतो. जी सुटते, तिचा तिथेच थांबतो. निवेदिताने आपल्या संगणकाला जोडून उरलेल्या तिघींचे आकडे मोठ्याने वाचले. पहिलीचा आणि चौथीचा सारखा होता. दुसरीचा मागे होता.

"कितीने?"

तिने वजाबाकी कागदावर केली, पुन्हा केली. "तीनने."

"तीन." ते हसले असावेत. "तीन चालेल. तीनशे असते, तर मी सरळ झोपलो असतो. तीन म्हणजे कडीला हात लावल्यावर जेवढा धक्का बसतो तेवढा. लाव नक्कल."

नक्कल सुरू झाली. स्क्रीनवर दोन आकडे होते: वाचलेले तुकडे आणि न वाचलेले. पहिला सरकत होता. दुसरा बराच वेळ शून्य राहिला, मग चार झाला, मग एकदम अकरा. डिस्क खणाबाहेर, टेबलावर, केबलला लटकल्यासारखी पडली होती, आणि टकटक आली की निवेदिता श्वास रोखून धरायची. तिने टेबलाला टेकलेले हात काढून मांडीवर ठेवले.

पद्मावती स्टुलावर बसली. बाहेर जाऊन ती दोनदा काचेची भांडी धुऊन आली होती. धुतलेलीच भांडी, असे वॉचमनने सांगितले. आता तिने समोरच्या दर्शिनी हॉटेलातून चित्रान्नाची दोन पार्सले आणवली होती. एक निवेदिताच्या पुढ्यात सरकवले.

"स्वल्प खा."

"नंतर, अक्का."

"त्या दिवशी मी नमुना दोनदा लावला," पद्मावती म्हणाली. "पहिल्यांदा आकडा आला तो खराच वाटेना. त्या केंद्राचं पाणी कधी वाईट नसतं. परत लावला. तेच. मग लिहिलं, विषयात मोठ्या अक्षरांत अर्जंट घातलं, निकाल जोडला. एवढं सगळं लख्ख आठवतं."

निवेदिताने तिच्याकडे बघितले.

"बटण दाबलेलं आठवत नाही," पद्मावती म्हणाली. "रोज दाबते ना. त्या दिवशीचं वेगळं असं कसं आठवेल? रात्री पडल्या पडल्या मी बोट हलवून बघते. अस्सं दाबलं असेल. की कोणी हाक मारली आणि उठले? नोकरी जाईल म्हणून नाही गं. नोकरीचं बघता येतं. ती बाई हॉस्पिटलात आहे. ते माझ्या बोटाने झालं की नाही, एवढं मला कळायला हवं."

न वाचलेल्यांचा आकडा एकोणीस झाला. दोघींनी तिकडे बघितले. निवेदिताने चित्रान्नाचा एक घास खाल्ला, कारण पद्मावती तिच्या हाताकडे बघत होती.

नक्कल संपली तेव्हा डिस्क शेवटपर्यंत जाऊन पुन्हा मागे आली होती. पुन्हा विचारल्यावर काही तुकड्यांनी उत्तर दिले होते. सात तुकडे गप्पच राहिले. ते कोणत्या मेलच्या पोटातले, हे उघडल्याशिवाय कळणार नव्हते.

तिने हयवदनांना पुन्हा फोन लावला. या वेळी ते शब्द निवडून बोलत होते. "आता पहिली, चौथी आणि नक्कल. तिघींना एकत्र बसव. फक्त वाचायला. लिहायची परवानगी कोणालाच नाही. मग काढ... थांब! काढ नाही. उघड. उघड म्हणतो मी. ऐकलंस ना? उघड."

"ऐकलं, अण्णा."

अभिराज पुन्हा दारात येऊन उभा राहिला होता. निवेदिताने ओळ टाइप केली, अक्षर अन् अक्षर वाचून बघितली, आणि बटण दाबले. यंत्राने तिघींची नावे लिहिली. आकडा जुळत नाही, तरी जुळवून घ्यायचे का, असे विचारले. तिने होय म्हटले. पंखे जोरात फिरले, मग स्थिर झाले.

फोल्डरांची यादी वरून खाली उलगडत गेली.

पद्मावतीच्या पाठवलेल्या मेलांत तो होता. तारीख बरोबर. पत्ता बरोबर. विषयात मोठ्या अक्षरांत अर्जंट. खाली इंग्रजीत तीनच ओळी, पद्मावतीच्या नेहमीच्या पद्धतीच्या: विषाचे प्रमाण मर्यादेबाहेर, पाणी वापरू नये, टाकी निर्जंतुक करून नवा नमुना द्यावा. पाठवल्याची वेळ दुपारी सव्वादोन. त्या सहा जणांना ताप आला त्याच्या दोन दिवस आधीची.

पद्मावती ते वाचत होती. वाचून झाले तरी तिचे डोळे हलत होते.

"दाबलं होतं," ती म्हणाली.

"दाबलं होतं, अक्का."

तिने मोजा काढला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग दोन्ही तळवे चेहऱ्यावर ठेवून ती तशीच बसून राहिली.

"येस!" अभिराज म्हणाला. "निवेदिता, यू आर अ स्टार. प्रिंट काढ, तीन कॉपी. मी सरांना सांगतो ते पत्र फाडायला." तो निघाला, पुन्हा वळला. "मॅडम, सॉरी हं. आमचा तुमच्यावर डाउट नव्हताच."

"होता की," पद्मावती तळव्यांआडून म्हणाली. "माझाच होता, तर तुमचा का नसेल?"

चार वाजायला अजून वेळ होता. प्रिंटर गरम होत असताना निवेदिताच्या मनात आले, की हा मेल पाठवल्याचा पुरावा आहे, पोहोचल्याचा नाही. समोरचा सर्व्हर मेल घेतो तेव्हा 'घेतला' असे कळवतो, आणि ती ओळ आपल्या सर्व्हरच्या नोंदीत राहते. ती ओळ या कागदाला जोडली, तर केंद्राच्या वकिलाला तोंडच उघडता येणार नव्हते. तिने त्या दिवसाच्या नोंदी उघडल्या आणि मेलचा क्रमांक शोधला.

क्रमांक तीन ठिकाणी सापडला.

पहिली ओळ: मेल पुढे दिला. समोरून उत्तर, घेत नाही, पेटी भरली आहे. दुसरी ओळ: मेल परत आल्याची सूचना पोस्टमास्टरच्या, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या, पेटीत ठेवली. तिसरी ओळ त्याच रात्रीची: पोस्टमास्टरची पेटी रिकामी केली, एक मेल पुसला. त्या ओळीच्या शेवटी, हे काम ज्याच्या नियमाने झाले त्याचे नाव होते. निवेदिताचे.

प्रिंटरने पहिला कागद बाहेर टाकला. तिने तो उचलला नाही.

हयवदनांनी खुर्ची सोडली त्या दिवशी तिला बऱ्याच गोष्टी सांगितल्या होत्या. चालता चालता, किल्ल्या देताना, जिन्यावरून उतरताना. पोस्टमास्टरचा डबा रोज काढत जा, असे ते म्हणाले होते. साचू देऊ नको. डबा म्हणजे पेटी, हे तिला तेव्हाच कळले होते, आणि हा शब्द तिला आवडलाही होता. रोज हाताने काय काढायचे, म्हणून तिने त्याच आठवड्यात नियम लिहिला. आपोआप होतं आता, अण्णा, असे तिने फोनवर अभिमानाने सांगितले, तेव्हा ते म्हणाले होते, बेष.

तिने पुन्हा फोन लावला. स्पीकर लावला नाही.

"मिळालं ना?" हयवदनांनीच विचारले. "काकू सांगत होती, पद्मावतीचा मेसेज आला. मिळालं म्हणे."

"मिळालं. अण्णा, एक विचारायचं होतं. अहवालाचे मेल परत आले तर ते अक्कांकडे येत नाहीत?"

"नाही. अहवालाच्या पत्त्यावर उत्तर घेतच नाही आपण. परत आलं तर पोस्टमास्टरच्या डब्यात. मी मुद्दाम वळवलं तसं, ह्या लोकांना परत आलेलं कळत नाही, पुसून टाकतात."

"मग तुम्ही काय करायचात?"

"काय करायचो म्हणजे? सकाळी आल्या आल्या तेच. काफीच्या आधी. डबा काढायचा, कोणाचं परत आलंय बघायचं, त्याला फोन लावायचा. तुमची पेटी भरली आहे साहेब, रिकामी करा, निकाल आलाय. आठवड्यात दोन-तीन तरी असायचे. का गं?"

निवेदिताने तिसरी ओळ पुन्हा वाचली. पद्मावतीने चेहऱ्यावरचे हात खाली घेतले.

"निवेदिता." हयवदनांचा आवाज बदलला. "तू त्या डब्याचं काय केलंस?"

"काढला, अण्णा. रोज रात्री."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कौशल्याकाकूंनी गॅस बंद केला असावा. हयवदनांनी फोन ठेवला नाही, तिनेही ठेवला नाही. शेवटी तिने तो चालूच टेबलावर उपडा ठेवला आणि कीबोर्ड जवळ ओढला.

अभिराज परत आला तेव्हा ती टाइप करत होती आणि पद्मावती तिच्या खांद्यामागे उभी होती. त्याने स्क्रीनवरच्या तीन ओळी वाचल्या. दुसऱ्यांदा वाचताना तो हळूहळू खुर्चीत बसला.

"वेट," तो म्हणाला. "पेटी भरली होती ती त्यांची. फॉल्ट त्यांचा. राइट?"

"परत आल्याचं आपल्याला कळवलं गेलं होतं."

"कोणाला कळवलं? कोणी वाचलंच नाही."

"म्हणूनच."

"हे बघ, त्यांनी सेंट मेल मागितलाय. सेंट मेल आपण देतोय. नोंदी कोणी मागितल्यात? मॅडम सुटतात, लॅब सुटते, तू सुटतेस. तुझी तर प्रोबेशनसुद्धा संपलेली नाही." त्याने आवाज खाली आणला. "मी तुझ्या भल्याचं सांगतोय, ओके?"

निवेदिताने मान हलवली. ऐकले, एवढ्याच अर्थाने. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिने हयवदन निवृत्त झाल्या दिवसापासून आजपर्यंतच्या सगळ्या नोंदी एकत्र केल्या. परत आलेल्या मेलांचे क्रमांक वेगळे काढले आणि पाठवलेल्या मेलांशी एकेक जुळवू लागली. ज्यांच्या विषयात अर्जंट होते, ते बाजूला.

"आता हे काय शोधतेस?" अभिराज म्हणाला.

उत्तर पद्मावतीने दिले. "एकच परत आला असेल असं कशावरून?"

खालून रिसेप्शनवरच्या मुलीचा फोन आला, व्हाइटफील्डचे डॉक्टर पोहोचले आहेत, सोबत वकील आहेत. अभिराजने त्यांना काफी द्यायला सांगितली. त्याने प्रिंटरमधले तीन कागद उचलून नीट एकावर एक लावले, आणि ते हातात धरून तो तिथेच उभा राहिला.

यादी पुरी झाली. ज्यांचे अर्जंट मेल परत आले होते त्यांची नावे पद्मावतीने पुढे वाकून वाचली. पहिले नाव वाचताच ती मेजावरच्या फोनकडे गेली आणि नंबर फिरवू लागली. पलीकडून कोणी उचलले तेव्हा ती कन्नडमध्ये, सावकाश, स्वच्छ शब्दांत बोलली. टाकी बंद करा, आधी टाकी बंद करा, कारण नंतर सांगते.

निवेदिताने दुसरे पान छापायला दिले. ते बाहेर आले तेव्हा अभिराजने हात पुढे केला, आणि तिने ते त्याच्या हातात दिले. वर तिचे नाव होते. त्याखाली:

परत आलेले मेल: एकशे सहा. न उघडता पुसलेले: एकशे सहा. त्यांपैकी निकाल मर्यादेबाहेर: पाच.